आधी एक बट

परभणी
रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

प्रिय राजू,

सप्रेम जय भीम.

बारा वर्षांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, त्याबद्दल आधी माफ कर. आई गेली तेव्हा आपण तीन दिवस एका घरात होतो, एकाच परातीत कणीक मळली, आणि त्या तीन दिवसांत आपल्यात झालेलं बोलणं म्हणजे "मीठ कुठंय" आणि "ती चादर दे". त्यालाही आता तीन वर्षं झाली. फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. फोनवर मी माझ्याच बाजूनं बोलत सुटते. कागदावर निदान आपलं वाक्य आपल्यालाच परत वाचावं लागतं.

इकडे सगळे बरे आहेत. जीवन यांना आगारात दिवसपाळी मिळाली, त्यामुळे आता आम्ही दोघं एका वेळेला जेवतो. पार्लर त्याच गल्लीत आहे, खाली दुकान, वर घर. खुर्च्या दोनाच्या तीन झाल्या. तुमच्याकडे पेडगावला हरभरा काढणीला आला असेल. तुझ्या अंगणवाडीत आता सत्तावीस पोरं आहेत आणि त्यातलं एक रोज तुझ्याच मांडीवर झोपतं, हे निकिताकडून कळलं.

निकिताचं नाव मी पत्राच्या शेवटी लिहायचं ठरवलं होतं. आलंच आहे तर सांगते.

मागच्या मंगळवारी दुपारी एक मुलगी दुकानात आली. स्कूटीवरच्या मुली बांधतात तसा डोक्यातोंडाला स्कार्फ. मी म्हटलं, बसा, थोडा वेळ लागेल. तिनं स्कार्फ सोडला आणि मी तिला चेहऱ्यावरून नाही, केसांवरून ओळखलं. आईचे केस, तुझे केस. "नाव सुकेशनी ठेवलं हिचं आणि केस सगळे धाकटीनं नेले," असं आई माझ्याबद्दल म्हणायची ना, तेच. ती म्हणाली, "मावशी, मी निकिता. पेडगावची." जशा काही माझ्या दहा निकिता आहेत.

तिच्या केसांची गोष्ट तुला थोडी माहीत असेलच. लातूरला परीक्षेच्या क्लासला होती तेव्हा तिनं तिथं केस सरळ करून घेतले. ते सप्टेंबर बावीसमध्ये. त्यानंतर इथं कृषी महाविद्यालयात प्रवेश, होस्टेल, अभ्यास. सतरा महिने केसांकडे बघितलंच नाही. आता मुळापासून वीतभर आपले दाट कुरळे केस आलेत आणि त्याखाली जुने सरळ, पातळ. दोन्ही जिथं जुळतात तिथं केस तुटतो. रोज उशीवर सापडतात म्हणाली. सरळ करायच्या क्रीमला आम्ही रिलॅक्सर म्हणतो. तो सगळ्या केसांना परत लावायचा नसतो, फक्त नव्यानं उगवलेल्या भागाला लावायचा. त्याला टच-अप म्हणतात. सतरा महिन्यांनंतरचा टच-अप म्हणजे अर्धं जंगल साफ करण्यासारखं काम. शहरातल्या दोन पार्लरवाल्यांनी तिला "बसा, तासाभरात करू" म्हटलं, आणि तासाभरात म्हटलं म्हणूनच ती तिथून उठली.

मी तिला विचारलं, कार्यक्रम काय आहे? कधी आहे? ती म्हणाली, काहीच नाही. कुणी बघायला येणार नाही, कुठं स्टेजवर जायचं नाही. मला किती हायसं वाटलं ते तुला सांगते. माझ्या दुकानात आरशाच्या वर पाटी आहे: "उद्या कार्यक्रम असेल तर आज स्ट्रेटनिंग होणार नाही." गिऱ्हाइकं यावरून मला बोलतात. एक बाई तर म्हणाल्या, "मग कार्यक्रम झाल्यावर यायचं का, दाखवायला कुणाला?" बोलोत.

मी तिला हेही विचारलं की, केस सरळच कशाला पाहिजेत? आपल्या घरातल्या केसांत वाईट काय आहे? कापून टाकले खालचे, तर वीतभर चांगले कुरळे राहतील. ती म्हणाली, "मावशी, मला सरळ आवडतात. तुमाला कुरळे आवडत असले तर तुमी करा की कुरळे." यावर मी दोन दिवस विचार केला. तिचं डोकं तिचं आहे.

शेवटी विचारलं, परभणीत एवढी पार्लरं, माझ्याकडेच का आलीस? तुझ्या आईला ठाऊक आहे का? आईचं नाव निघाल्यावर ती पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी एकदा चुकलाव. म्हणून आता सगळ्यात जास्त तुमीच भेताव. मला भेणारं माणूस पायजे होतं."

बारा वर्षांपूर्वी तुझ्या केसांचं जे झालं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मेंदी लावलेली होती, सांगितली गेली नव्हती, केस तुटले. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता ते कविता पाठ असावी तसं बाहेर येतं. तो विषय इथं नको.

काम काय चाललंय ते सांगते, कारण ती पुढच्या शनिवारी घरी येणार आहे आणि तुला तिचं डोकं दिसेलच. पहिल्या दिवशी मी फक्त गुंता काढला. तीन तास. केसांना मऊ करणारा लेप लावून आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या लाकडी कंगव्यानं, टोकाकडून वर वर. दुसऱ्या बैठकीत धुणं आणि केसाला बळ देणारा लेप. तिसऱ्यांदा सोळा भाग करून सोळा सैल वेण्या घातल्या, म्हणजे परत गुंता होणार नाही. आता तिच्या डोक्याला आठ दिवस कुणी हात लावायचा नाही. धुवायचं नाही, तेल चोळायचं नाही, खाजवायचं नाही, फणी तर अजिबात नाही. डोक्याच्या कातडीवर आपलं आपलं तेल साठतं, तेच औषधापासून वाचवतं. नखाचा एक ओरखडा असला तरी रिलॅक्सरनं तिथं आग होते.

मेंदी लावलीस का, हे मी तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती नाही म्हणाली, तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

मुलगी वीस वर्षांची आहे, ग्रामपंचायतीला मतदान केलंय, असं तिनं मला ऐकवलं. म्हणजे तुझी परवानगी मागायची गरज नाही. तरी मी ती मागते आहे. हे पत्र निकिताच्या हाती देत नाही, पोस्टानं पाठवते. आपल्या दोघींच्या मध्ये तिला उभं करायचं नाही. तू नको म्हणालीस तर मी तिला तसं सांगेन, आणि कारणही सांगेन.

तुझ्या धम्मानंदरावांना आणि सासूबाईंना जय भीम सांग. नाही सांगितलास तरी चालेल.

तुझी
अक्का


परभणी
मंगळवार, १३ फेब्रुवारी २०२४

प्रिय राजू,

जय भीम.

निकिता काल होस्टेलवर परतली आणि आज दुपारी दुकानात आली. स्कार्फ काढायलाच तयार नाही. मी म्हटलं, काय केलंस? ती म्हणाली, "मी न्हाई, आजीनं."

तिच्या तोंडून ऐकलं ते तुझ्याच घरी घडलंय, पण तिला किती मजा येत होती सांगताना ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते. रविवारी सकाळी तुझ्या सासूबाई सरजाबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. नातीच्या डोक्यावरची ओढणी सरकली. "आगं बया, डोस्क्यावर मिरच्याची रोपं लावलीस का? वाफे तरी सरळ पाडायचे." निकितानं सांगितलं, हात लावू नका आजी, मावशीनं... आणि तो शब्द गिळून "मॅडमनं सांगितलंय" म्हणाली. सरजाबाई म्हणाल्या, "आठ दिस डोकं धू नको म्हणती ती कसली मॅडम? उवांची मॅडम हाय का?" आणि नातीला दोन गुडघ्यांत धरून वेण्या सोडायला सुरुवात. खोबरेल, मग फणी. सोळांपैकी नऊ वेण्या गेल्या. निकिताला ओरडता येईना, कारण ओरडून सांगायचं काय? कुणाच्या मावशीनं, कशासाठी?

आणि मग तू आलीस. पाण्याची घागर खाली ठेवून सासूबाईंचं मनगट धरलंस. निकिता म्हणते, आईनं आजीचा हात धरलेला तिनं आयुष्यात बघितला नव्हता. "आत्याबाई, फणी ठेवा खाली. तिच्या डोक्याला आठ दिवस कुणी हात लावायचा न्हाई."

निकिता मला विचारत होती, आईला हे कसं कळलं, मी तर काही बोलले नव्हते. मी उठून दुकानात एक फेरी मारली. ते वाक्य माझं होतं. माझ्या पत्रातलं, शब्दाला शब्द. तू पत्र वाचलंस, राजू.

डाव्या कानामागे तीन ओरखडे आहेत. खोल नाहीत, पण आहेत. ते पूर्ण भरल्याशिवाय मी औषधाची बाटली उघडणार नाही. निकिता म्हणाली, "म्हणजे परत पहिल्यापासून?" मी म्हटलं, परत पहिल्यापासून. ती रुसून बसली. मग स्वतःच मान पुढं करून बसली. आज नऊ भागांतला गुंता परत काढला, तेल उतरवायला हलक्या हातानं एकदा धुतलं, परत सोळा वेण्या.

जाताना ती म्हणाली, आईनं बसथांब्यावर तुमच्यासाठी निरोप दिलाय. मी पाठमोरी होते, कंगवे धूत होते. म्हणाली, "तुझ्या मावशीला म्हणावं, ह्या बारीला आधी एक बट कापून बघ."

ती गेली. मी दुकान अर्ध्या तासासाठी बंद केलं.

ह्या बारीला.

म्हणजे त्या बारीला मी बट कापून बघितली नव्हती, हे तुला ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक होतं की नंतर कळलं, मला माहीत नाही. पण तुला ठाऊक आहे आणि तरी तू बारा वर्षं कुणाला बोलली नाहीस. मग आता माझ्याकडे लिहिण्यासारखं एकच उरतं. मागच्या पत्रात मी "तो विषय इथं नको" असं लिहिलं होतं. ते वाक्य लिहिताना माझा हात थांबला नाही, याची मला आज लाज वाटते.

मी आज जुनी डायरी काढली. रविवार, ८ जानेवारी २०१२. त्या पानावर माझ्या अक्षरात आहे: "राजूचं स्ट्रेटनिंग. काळी मेंदी लावलेली लपवली. केस गेले." डायरीत, राजू. जिथं मला कुणी विचारणार नव्हतं तिथंसुद्धा मी खोटं लिहिलं.

खरं असं आहे. दुसऱ्या दिवशी परभणीत तुमच्या सत्काराचा कार्यक्रम होता, तालुक्यातल्या पाच अंगणवाडी सेविका, त्यात तू. तू निळी साडी घडी घालून पिशवीत आणली होतीस. मी तुझे केस धुतले तेव्हा पाणी तांबूस काळं आलं. मला तेव्हाच कळलं. मी तुला विचारलंच नव्हतं, म्हणून तू सांगितलं नव्हतंस; लपवलं काहीच नव्हतंस. काळ्या मेंदीत काय काय मिसळलेलं असतं आणि त्यावर हे औषध गेलं की काय होतं, हे मला क्लासमध्ये शिकवलं होतं. अशा वेळी मानेवरची आतली एक बट कापायची, तिलाच औषध लावायचं, चाळीस मिनिटं थांबायचं. बट तापली, रबरासारखी ताणली आणि तुटली, तर काम करायचं नाही. नुकसान एका बटेचं.

मी थांबले नाही. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत आलेय. वेळ होता, दुपारचे तीन वाजले होते. पार्लर उघडून एक महिना झाला होता आणि मला दुकानात लावायला फोटो पाहिजे होता, आधीचा आणि नंतरचा. तुझ्यासारखे दाट केस माझ्याकडे दुसऱ्या कुणाचे आले नव्हते. बट जर बिघडली असती तर मला तुला परत पाठवावं लागलं असतं, फोटो गेला असता. मला उत्तर नको होतं, म्हणून मी प्रश्न विचारला नाही.

तुझे केस माझ्या हातात आले. तू आरशात बघत होतीस, आणि मी पहिलं वाक्य बोलले ते, "मेंदी लावलीस आणि सांगितली नाहीस?" माफी नाही, पाणी नाही, ते वाक्य. नंतर तेच आईला सांगितलं, तेच धम्मानंदरावांना, तेच सरजाबाईंना. त्यांनी ते गावभर केलं. तू सत्काराला गेली नाहीस. शाल आणि सत्काराचा कागद तुमच्या अंगणवाडीच्या मॅडमनी घरी आणून दिले. ती शाल तू निकिताच्या अंथरुणात घातलीस, असं आईनं मला सांगितलं होतं. तेव्हापासून तू डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाहीस, हेही आईनंच सांगितलं. मी त्यावर काय म्हणाले माहीत आहे? "केस तर परत आले की." असं म्हणाले.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते मागणं झालं, आणि मागायची पाळी माझी नाही. एक करू शकते ते केलंय. या पाकिटात दुसरा कागद आहे, मोठ्या अक्षरात लिहिलेला. तो सरजाबाईंसाठी. धम्मानंदरावांना मोठ्यानं वाचून दाखवायला सांग. त्यात एवढंच आहे: "माझ्या बहिणीनं माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. मला कळलं होतं. चूक माझी, आणि तिच्यावर ढकलली तीही मीच. तुम्ही बारा वर्षं तिला जे बोललात ते माझ्या सांगण्यावरून बोललात. — सुकेशनी." वाचायचा की चुलीत घालायचा, हे तू ठरव.

निकिताला मी अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगते. तिला भेणारं माणूस पाहिजे होतं. ते कशाला भेतं हे कळायला पाहिजे.

अक्का
(मागच्या वेळी "तुझी" लिहिलं होतं. ते मी लिहायचं की नाही, ते तूच सांग.)


परभणी
शनिवार, २४ फेब्रुवारी २०२४
संध्याकाळ, दिवेलागण

माझी राजू,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. उद्या तू आलीस की तुझ्या हातात देईन, आणि तू चहा पिऊन होईपर्यंत मी वर जाऊन बसेन. तूच फोनवर बोललेलं तुलाच लिहून दाखवते म्हणून हसू नको. आजचा दिवस मला जसाच्या तसा ठेवायचा आहे. याची नक्कल डायरीत, त्या खोट्या पानाच्या समोर चिकटवणार आहे. ते पान फाडणार नाही. दोन्ही राहू देत.

झालं, राजू! चांगलं झालं. असं चांगलं झालं की मी दुकानाच्या मधोमध उभी राहून टाळी वाजवली आणि तिसऱ्या खुर्चीतल्या बाई दचकल्या.

क्रमानं सांगते. निकिताला मी सगळं सांगितलं होतं, चौदा तारखेलाच. तिनं स्कार्फ हातात घेतला. मला वाटलं, उठून जाईल आता. मग म्हणाली, "आईला सांगितलं का?" मी म्हटलं, पत्र टाकलंय. म्हणाली, "मग मी बसते. पण आजपासून तुमी काय करायलाव ते दर वेळी मला आधी सांगायचं." तेव्हापासून सांगत गेले. बोलत काम करायची मला सवय नव्हती. बोलून करायला लागलं की हात आपोआप सावकाश होतो, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

ओरखडे मंगळवारपर्यंत पूर्ण भरले. बुधवारी बट कापली. मानेच्या वरची, आतली, पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची. तिच्या अर्ध्या भागात नवा कुरळा केस, अर्ध्यात जुना सरळ. फक्त नव्या भागाला औषध लावलं, काचेच्या वाटीत ठेवली, आणि आम्ही दोघी त्या वाटीकडे दूध उतू जाईल म्हणून बघतात तसं बघत बसलो. तापली नाही. धुतली. ओली असताना दोन बोटांत धरून ओढली. थोडी ताणली आणि परत जागेवर आली. परत ओढली, परत आली. निकिता म्हणाली, "आता मी ओढते." तिनं माझ्यापेक्षा जोरात ओढली. तुटली नाही. ती बट चिकटपट्टीनं वहीत लावलीय, खाली तारीख.

आज सकाळी दहाला सुरुवात केली. कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर, भांगाभांगात व्हॅसलीन. जुन्या सरळ केसांनाही व्हॅसलीनचा जाड थर, म्हणजे औषध वाहून तिथं गेलं तरी लागणार नाही. सोळा वेण्यांचे चार भाग केले आणि एका वेळी एकच भाग हाताळला. सगळं डोकं एकदम केलं असतं तर पहिल्या भागाचं औषध शेवटचा भाग होईपर्यंत जास्त वेळ राहिलं असतं. औषध कातडीपासून बोटाच्या पेराइतकं दूर. घड्याळ निकिताच्या हातात. ती मोठ्यानं मिनिटं मोजत होती, आणि अकराव्या मिनिटाला म्हणाली, "मावशी, तुमचा हात थरथरायलाय." मी म्हटलं, थरथरू दे, चुकत नाही तोवर थरथरू दे.

एक एक भाग धुतला. पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग औषधाचा अंमल उतरवणारा शाम्पू तीनदा, परत पाणी. मी पाण्याचा रंग बघत होते. पांढरं, नितळ पाणी. ते बघताना मला तुझं ते पाणी आठवलं आणि मी ते निकिताला बोलून दाखवलं. ती मान वाकवूनच म्हणाली, "बघा तुमी. आज दोन्ही बघा."

चार वाजता केस वाळले. मी तो लाकडी कंगवा तिच्या भांगात ठेवला आणि सोडला. नुसता सोडला. तो कुठंही न अडता खाली कमरेपर्यंत गेला आणि फरशीवर पडला. वीतभर नवा केस आणि खालचा जुना केस, जोड कुठं आहे ते मला बोटांनी शोधूनही सापडलं नाही.

कंगव्यात आणि फरशीवर मिळून अकरा केस निघाले. मी ते एक एक उचलून उजेडात धरले. तुटलेला केस असला तर त्याच्या टोकाला काही नसतं. आपोआप गळालेला असला तर मुळाशी पांढरा ठिपका असतो. अकराच्या अकरा केसांना ठिपका होता. तुटलेला एकही नाही. त्या अकरा केसांसाठी मी टाळी वाजवली.

निकिता म्हणाली, मावशी फोटो? मी म्हटलं, माझ्या दुकानात फोटो लागत नाहीत. तिनं स्वतःच मोबाइल काढून पाठमोरा फोटो घेतला आणि तुला पाठवला. चार मिनिटांनी माझा फोन वाजला. मी तीन फोन बदलले असतील, पण प्रत्येकात तुझा नंबर "राजू" या नावानं नेला होता. तो पहिल्यांदाच असा उजळला.

"अक्का," तू म्हणालीस, "पोरीचे केस लय चांगले झालेत."

मी हो म्हटलं.

"पाणी लाल आलतं तवा मी आरशात बघायलते," तू म्हणालीस. "तुझं तोंड दिसलं मला."

मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस?

"तू अक्का होतीस. तुला कळतंय म्हणल्यावर मी कशाला बोलू?" मग म्हणालीस, "केसाचं मला एक वर्ष वाईट वाटलं. बाकीची अकरा वर्षं मी, तू कवा सांगतीस त्याचीच वाट बघायलेय."

मी रडले ते तुला ऐकू गेलंच. तू थांबवलं नाहीस, बरं केलंस.

मग तू सासूबाईंचं सांगितलंस आणि मी रडता रडता हसायला लागले. धम्मानंदरावांकडून तो कागद त्यांनी दोनदा वाचून घेतला. "मंजी बारा वर्सं मी येड्यावानी हिलाच बोलले का?" असं त्या भिंतीला विचारत होत्या. कागद घडी घालून त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवला, सुपारीच्या शेजारी, आणि त्यावर दोन दिवस एक अक्षर बोलल्या नाहीत. आज फोटो बघितल्यावर म्हणाल्या, "उद्या तू परभनीला जा. भाकरी मी बघते." त्यांनी आयुष्यात कुणाची माफी मागितली असेल तर ती हीच.

शेवटी तू जे म्हणालीस ते मी दहादा मनात म्हणून बघितलं. "मी येतेय सकाळी. निकिताला घेऊन. पदर काढून बसणार हाय तुझ्या खुर्चीत. आन् ऐक, काळी मेंदी लावलेली हाय, पांढरे झालेत म्हणून. आधीच सांगते." मी विचारलं, काही कार्यक्रम आहे का तुझा परवा? तू म्हणालीस, "न्हाई. रिकामी येतेय. झाले सरळ तर झाले, न्हाई तर तेल लावून वेणी घाल. तुझ्या हातची. माझी अक्का हायस तू."

राजू, मेंदी आहे म्हणजे बहुतेक सरळ होणार नाहीत. मी ते तुला तोंडावर सांगेन. मग तेल आणि वेणी. दोन्हीसाठी मी तयार आहे. तिसऱ्या खुर्चीत उद्या दुसरं कुणी घेतलेलं नाही. ती निळी साडी अजून असेल तर नेसून ये. नसेल तर जशी असशील तशी.

माझा हात आज थरथरला तरी चुकला नाही. हे मी स्वतःबद्दल बारा वर्षांत पहिल्यांदा खरं लिहिते आहे आणि खोडत नाही.

तुझी
(तू फोनवर "माझी अक्का" म्हणालीस, म्हणून परत लिहिते)
अक्का

उद्याचं काम: सकाळी, दुसरं काहीही करण्याआधी, राजूची एक बट कापून बघणे.